लीलाने विचारलेले चार शब्द

निळ्या आंतर्देशीय पत्राचा एक कोपरा पुस्तकातून बाहेर डोकावत होता, आणि त्या कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलेलं होतं—अंगठ्याचं असावं, भाजी चिरता चिरता मधेच उठून लिहायला बसलेल्या बाईचं—आणि चारुदत्तला वाटलं, हे बोट आपण रोज सकाळी पाहतो, रोज पुस्तक उघडून पत्र एक-दोन पानं पुढे सरकवतो, आणि तरी त्याला उत्तर दिलेलं नाही. दिवाळीच्या सुमारास ते आलं तेव्हा नातीचं, वेदिकाचं नर्सिंगचं पुस्तक टेबलावर उघडं होतं, पचनसंस्थेच्या पहिल्याच पानावर, आणि खूण म्हणून त्याने ते सहज आत ठेवलं होतं. मग ते अन्ननलिकेतून उतरलं, जठरात राहिलं, लहान आतड्याच्या वळणांत बरेच दिवस रेंगाळलं, तिथून रक्ताच्या प्रकरणात शिरलं. आणि आता, लखनौच्या महानगर भागातल्या या बाल्कनीत उन्हाला जराशी ऊब येऊ लागली असताना, ते रोगप्रतिकाराच्या प्रकरणाशी येऊन थांबलं होतं. पत्राचा एवढा प्रवास झाला. उत्तराचा एक शब्द नाही.

पत्र त्याला पाठ होतं. 'ती. चारुदादास लीलाचा शि. सा. न.' इथपासून 'तिकडे थंडी पडली का?' इथपर्यंत. मधे चार शब्द, एकाखाली एक, तासगावच्या शाळेत घोटलेल्या त्याच गोल अक्षरात—गॅस्ट्रायटिस, मेगालोब्लास्टिक, ॲन्टिबॉडी, परनिशस. 'रिपोर्टात आहेत. सुजयने वाचून दाखवले, मी लिहून घेतले. तो म्हणतो, काही नाही, अशक्तपणा आहे. मुलगा काय, असंच म्हणणार. सुया सांगितल्यात, त्या घेते आहे. पण अर्थ कोणी सांगत नाही. तू सांग. तू मला कधी खोटा अर्थ सांगितला नाहीस.'

हे मात्र खरं होतं. लहानपणी वाण्याकडून आलेल्या पुडीचा कागद ती सपाट करायची, त्यावरचा एखादा शब्द बोटाने दाबून धरायची आणि त्याच्यासमोर उभी राहायची. तो कोश उघडायचा. कोशाला पुठ्ठा नव्हता, पहिली काही पानंही नव्हती, त्यामुळे 'अ'चे बरेचसे शब्द त्या घरात कुणालाच माहीत नव्हते… तो वाचून सांगायचा, ती मान डोलवायची आणि पळायची. आणि एखादा अर्थ सांगण्याजोगा नसला—मरणाचा, किंवा तसला काही—तर तो काही न बोलता कोश मिटायचा. मग ती पुन्हा विचारत नसे. कागदाची घडी घालून हळूच निघून जाई. या व्यवहाराबद्दल दोघं कधी एक अक्षर बोलली नव्हती.

पण मी काय सांगणार? मी डॉक्टर नाही. मी रेल्वेच्या संशोधन कार्यालयाच्या ग्रंथालयात आयुष्यभर इतरांच्या पुस्तकांवर क्रमांक घातले. तिथे एक नियम त्याने स्वतःपुरता केला होता. कुणी काही विचारायला आलं—एखाद्या पोलादाचा गुणधर्म, जुन्या पुलाचं साल—तर एका पुस्तकात सापडलेलं सांगायचं नाही. एक आधार म्हणजे ऐकीव गोष्ट. दोन आधार म्हणजे उत्तर. इंजिनियर हसायचे. एकजण म्हणायचा, शास्त्रीजी से टाइम भी पूछो तो दूसरी घड़ी देखने जाते हैं. तोही हसायचा, आणि दुसरं पुस्तक काढायला शिडीवर चढायचा.

पत्र आलं त्या दिवशी त्याने सवयीने आधी शेवटचाच शब्द पाहिला, आपल्या जाड इंग्रजी-मराठी कोशात. परनिशस: घातक, प्राणहारक. त्याने कोश मिटला. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्याने तो अगदी हलक्या हाताने मिटला… मग दोन दिवसांनी, वेदिकाच्या पुस्तकात, बारीक टाइपात: हे नाव जुनं, उपचार नव्हते तेव्हाचं. म्हणजे एक आधार म्हणतो मरण, दुसरा म्हणतो नाही. दोन आधार एकमेकांशी भांडले तर तिसरा शोधायचा. आणि तिसरा आधार समजायचा तर विषय समजायला हवा. आणि विषय समजायचा तर पहिल्या पानापासून. हे त्याला इतकं रास्त वाटलं, की आपण उत्तर द्यायचं पुढे ढकलतो आहोत असं त्याच्या मनातही आलं नाही. निदान सुरुवातीला नाही आलं.

त्याला ते आवडू लागलं, हीच अडचण. पुस्तकात सांगितलं होतं की हे शब्द शेवटाकडून वाचायचे—आधी शेपूट, मग डोकं, मग मधलं अंग. आयटिस म्हणजे दाह. गॅस्टर म्हणजे पोट. पोटाचा दाह. ब्लास्ट म्हणजे अंकुर, मेगालो म्हणजे मोठा. रक्तपेशीचे अंकुर, जे मोठे होतात पण पिकत नाहीत. निवृत्तीच्या वेळी उरलेली ग्रंथालयाची कोरी कार्डं, तळाशी भोक असलेली, त्याने जपून ठेवली होती, ती त्याने बाहेर काढली, आणि एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ असं लिहू लागला. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली नात म्हणाली, वाह आजोबा, ये तो मेरे काम की चीज़ है. आणि घरात सगळ्यांनी धरून चाललं की आजोबा वेदिकासाठी कष्ट घेताहेत. त्यानेही तसंच म्हटलं. रविवारी तासगावचा फोन यायचा. लीला विचारायची, थंडी आहे का रे? तो म्हणायचा, आहे, तुझी तब्येत? ती म्हणायची, बरी आहे. पत्राचं नाव ती काढत नसे. तिला आता ऐकू कमी येतं, फोन मोठ्या आवाजावर असतो, खोलीत सून असते, नातवंडं असतात… तो पण काढत नसे. दोघंही लाजाळूच. एका आईची.

'लहान आतडं' वाचताना त्याला ती कच्च्या पेरूच्या फोडीवर तिखट-मीठ घालून खाताना दिसायची. डोळ्यांतून पाणी, आणि तरी हात पुढे. आता जीभ सोलवटली आहे, असं पत्रात होतं. 'वरणभातच खाते. भातालाही चव नाही.' पुस्तकात जिभेचं चित्र होतं, गुळगुळीत, तांबडी. ते पान त्याने पटकन उलटलं होतं.

"आजोबा, मटर."

वेदिकाने बाल्कनीतल्या स्टुलावर मटारची पिशवी ओतली. तिला परीक्षेची सुट्टी होती. मुलगा निनाद आणि सून कामावर गेले होते. संध्याकाळी निमोना होणार होता—लखनौचा मटारचा रस्सा, पण सून त्यात गोडा मसाला घालते आणि शेजारच्या काकू दर वेळी विचारतात की यात काय आहे. दोघं समोरासमोर बसून शेंगा सोलू लागली. कार्डांचा गठ्ठा त्याच्या मांडीवर.

"आप पूछिए, मैं बताती हूँ." तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतून यायचं, नळ उघडल्यासारखं.

"मॅक्रोफेज."

"बड़ा पेटू."

"नीट सांग."

"मोठा खाणारा," ती म्हणाली, त्याच्यासाठी म्हणून मराठीत, आणि लगेच परतली. "मोहल्ले का चौकीदार समझिए. जो पराया दिखा, खा गया. जैसे आप मटर खा रहे हैं. कटोरे में आपकी तरफ़ से एक दाना नहीं गया है."

त्याने पाहिलं. खरंच नव्हतं गेलं.

"ॲन्टिबॉडी."

"यही वाला रोज़ पूछते हैं आप. फ़ेवरेट है?"

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. रोज? त्याला वाटत होतं आपण गठ्ठा पिसून विचारतो. पण गठ्ठ्यातल्या त्या एका कार्डाचा कोपरा मऊ पडला होता, बोटांनी… वेदिका सोलतच होती, तिच्या नजरेसमोर कार्ड नव्हतं, काही नव्हतं.

"पराए को पहचानने वाली. और कभी-कभी गड़बड़ हो जाती है, अपने ही पेट को पराया समझ लेती है. फिर पेट में एक चीज़ बननी बंद, बी-ट्वेल्व अंदर जाता ही नहीं, ख़ून ठीक से बनता नहीं. वही, परनिशस वाला."

इतकं. दिवाळीपासून त्याने जे तीन प्रकरणांतून ओढत आणलं होतं ते तिने एका शेंगेत सांगून टाकलं. चारही शब्द त्यात आले.

"मग त्या माणसाचं काय होतं?"

"किसका?"

"ज्याला होतं त्याचं."

"कुछ नहीं होता. सुई लगती है, ज़िंदगी भर. हमारी ओपीडी में एक अम्मा आती हैं निशातगंज से. हर महीने. सिस्टर से लड़ती हैं कि पिछली बार तुमने लोहे की सलाख़ घुसेड़ी थी. फिर गेट पर टिकिया खाती हैं, मिर्ची डबल. टिकिया वाला भी कहता है, अम्मा, सुई की मिठाई खा लो. सब जानते हैं उनको."

"आणि सुई सोडली तर?"

"तो फिर गड़बड़ है. पैर सुन्न होते जाते हैं, और भी बहुत कुछ. पर छोड़ेंगी क्यों? उनकी टिकिया छूट जाएगी."

ती हसली. त्याने एक दाणा वाडग्यात टाकला, आवाज झाला. अम्माचं नाव काय असेल, असं त्याच्या मनात आलं, विचारलं नाही. आज रोगप्रतिकाराचं प्रकरण संपेल, मग उजळणी करायची, मग मसुदा, मग… फेब्रुवारीअखेर निश्चित लिहू.

फोन वाजला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत शेंगा होत्या, म्हणून वेदिकाने उचलून त्याच्या कानाला लावला. पद्मिनी होती, सुजयची बायको, लीलाची सून. आज रविवार नव्हता.

"मामा, मोकळे आहात ना? गच्चीवर येऊन बोलतेय. आईंना ऐकू यायचं नाही, पण त्यांना बरोबर कळतं."

"काय झालं?"

"आईंनी सुया बंद केल्यात. दोन चुकल्या. नर्सबाई दारात येऊन परत गेल्या. ह्यांनी समजावलं, नयनाताई सासरहून येऊन रडून गेल्या. ऐकत नाहीत. म्हणतात, कशाला उगीच टोचून घ्यायचं, व्हायचं ते ठरलंय."

"कोणी सांगितलं तिला असं?"

गच्चीवरचा वारा ऐकू आला.

"तुम्ही, मामा."

"मी? मी तर काहीच…"

"तेच ना. म्हणतात, दादाला अर्थ विचारला होता. दादाने लिहिलं नाही म्हणजे त्याने पाहिलाय. वाईट अर्थ असला की तो पुस्तक मिटतो, लहानपणापासून. मला वाटलं, असेल काहीतरी जुनं. पण परवा कपाट उघडून बसल्या. भारी पैठणी नयनाताईंना, मला मोत्याच्या कुड्या. मी म्हटलं, मला नकोत, तर म्हणतात, आत्ताच घे, मागनं भांडणं नकोत."

वेदिका त्याच्याकडे पाहत होती. तिच्या हाताला फोन धरून कळ लागली असावी, तिने हात बदलला. त्याला वाटलं, आपण एका उंच शिडीवर उभे आहोत, हातात तिसरं पुस्तक आहे, आणि खाली विचारायला आलेला माणूस केव्हाच निघून गेला आहे… निघून गेला, आणि जाताना उत्तरही घेऊन गेला, मी न दिलेलं.

"पुढची सुई कधी?"

"नर्सबाई पुढच्या गुरुवारी येईन म्हणाल्यात. शेवटचं, म्हणे. मामा, चार ओळी लिहा. तुमच्या हातच्या."

"व्हिडिओ कॉल कर लेते हैं न," वेदिका मधेच म्हणाली. "या लिखकर फ़ोटो भेज दीजिए. एक सेकंड में."

"नाही गं बाई," तिकडून पद्मिनी म्हणाली, "मोबाईलवरचं काही त्या खरं मानत नाहीत. रोज कोणीतरी लसणाने काय बरं होतं ते पाठवतं, त्यातलंच एक म्हणतील."

"तिला दे," चारुदत्त म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

बराच वेळ पायऱ्यांचा आवाज, दाराचा, कुणाच्या तरी हसण्याचा. मग लीला. वय झालं तरी फोनवर ती अजून ओरडून बोलायची, तासगाव आणि लखनौमधलं अंतर आपल्या आवाजानेच कापायचं आहे असं समजून.

"दादा? थंडी आहे का रे?"

"आहे. कमी झाली. लीला, तुझे शब्द… मी सांगतो आता. ऐक."

"काय?"

"शब्द. चार. त्यांचा अर्थ तसा नाही. वाईट नाही."

"फोनवर नको रे. इथे सगळे आहेत." ती आवाज कमी करायचा प्रयत्न करत होती आणि तो कमी होत नव्हता. "लिहून कळव. तुला जमेल तेव्हा. घाई नाही काही."

"लीला—"

"घाई नाही म्हटलं ना. तू काळजी करतोस फार. जेवलास?"

जेवायची वेळ नव्हती. तो "हो" म्हणाला.

मग तो टेबलाशी बसला. वेदिकाने पुस्तकातून निळं पत्र स्वतःच काढलं, वाचलं—ती मराठी सावकाश वाचते, ओठ हलतात—आणि त्याच्यासमोर ठेवलं. पुस्तक मिटलं. कुठलं पान होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

त्याने लिहिलं: 'गॅस्ट्रायटिस—गॅस्टर म्हणजे जठर, आयटिस म्हणजे…' आणि खोडलं. दुसऱ्या कागदावर पेशींबद्दल एक परिच्छेद लिहिला, चांगला होता, आखीव होता, आणि तो वाचताना त्याला लीला दिसली, कागदाची घडी घालून निघालेली. रस्त्यावर भाजीवाला गोभी, गोभी करत गेला. मग त्याने लिहिलं की चारही शब्द मिळून एकच गोष्ट सांगतात. तुझं शरीर तुझ्याच पोटाला परकं समजून बसलं आहे, त्यामुळे खाल्लेल्यातलं एक सत्त्व आत जात नाही आणि रक्त पिकत नाही. ते सत्त्व सुईतून जातं. सुई कायमची, पण सुई आहे तोवर काळजी नाही. चौथा शब्द भीतीचा आहे, तो सुई नव्हती तेव्हाचा आहे. नाव बदलायचं राहून गेलं. हे सगळं सरळ आलं. पुढचं वाक्य येईना. ते असं होतं: मी पुस्तक मिटलं नव्हतं, लीला, मी अजून वाचत होतो.

ते वाक्य लिहून तो त्याच्याकडे पाहत राहिला. ते पुरेसं खरं आहे का? पहिल्या दिवशी तर मिटलंच होतं, हलक्या हाताने. त्याने ओळीच्या वर आणखी चार शब्द घातले: 'एकदा मिटलं, मग उघडलं.' आता ओळ वाकडी दिसू लागली. राहू दे.

आणि मग, कागद संपत आलेला असताना, बारीक अक्षरात, त्याने निशातगंजच्या अम्माचं लिहिलं. सिस्टरशी भांडते ते. लोखंडाची सळई. सुई झाली की फाटकावर डबल मिरचीची टिकिया, म्हणजे आपल्या पॅटिससारखी, तव्यावरची. 'कितीतरी वर्षं येते म्हणे. तिची जीभ बरी झालेली दिसते. गुरुवारी नर्सबाई येतील.' एवढ्यावर कागद संपला. सही काठावर करावी लागली.

महानगरच्या पोस्टात काचेच्या खिडकीमागे एक मुलगी होती. वेदिका बरोबर यायला निघाली होती. तो नको म्हणाला होता.

"स्पीड पोस्ट? कहाँ, बाबूजी?"

"तासगाव. महाराष्ट्र."

"अंदर क्या है? डॉक्यूमेंट?"

"चिट्ठी."

तिने पाकीट तराजूवर ठेवलं आणि मान वर करून पाहिलं. "हाथ की लिखी?"

"बहन को है. गुरुवार से पहले पहुँच जाएगी?"

"पहुँच जानी चाहिए."

चाहिए. तो मागे वळला आणि पुन्हा वळला, कारण त्याला वाटलं पाकीट परत मागावं, एकदा पाहावं—'सत्त्व' हा शब्द बरोबर आहे का, 'काळजी नाही' असं आपण कोणत्या अधिकाराने लिहिलं, आणि ती अम्मा… तिला तर त्याने पाहिलंही नव्हतं. एका मुलीने मटार सोलता सोलता सांगितलेली बाई. एकच आधार, तोही ऐकीव, आणि तोच त्याने सगळ्यात जास्त भरवशाने लिहिला होता. मुलीने शिक्का मारला, पाकीट मागच्या टोपलीत टाकलं. ते दुसऱ्या पाकिटांवर पडलं, जरा घसरलं, आणि दिसेनासं झालं.

पायऱ्यांवर ऊन होतं. खिशातल्या निळ्या पत्राची घडी हाताला लागत होती. लीलाला पटेल का, हे त्याला माहीत नव्हतं. ती पत्र वाचेल, मान डोलवेल, की वाचून तशीच घडी घालेल. कळायला गुरुवार उजाडायला हवा. पण त्याचं मन तिथे थांबलं नव्हतं. ते निशातगंजच्या कुठल्याशा गल्लीत गेलं होतं, त्या न पाहिलेल्या म्हातारीच्या दारात, आणि तिथे तो, कित्येक वर्षांत कुणासाठी मागितलं नसेल इतक्या आर्जवाने, मागत होता—की तिचे पाय शाबूत राहोत, तिची सुई न चुको, आणि या महिन्यातही तिने त्या सिस्टरशी भांडावं, चांगलं कडकडून.